दोन हॉपर, एक एडीसी: कुपवाडच्या हळद-काट्याचं प्रकरण

सांगलीत हळदीच्या पोत्याचं वजन ही साधी गोष्ट नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथला व्यवहार वजनाच्या भरवशावर चालत आला आहे. ५० किलोच्या पोत्यात शंभर ग्रॅमची तूट निघाली तरी फोन येतो, आणि तोच घोळ गाडीभर पोत्यांत निघाला तर पुढच्या वर्षी गिऱ्हाईक येत नाही. म्हणून कुपवाड एमआयडीसीतल्या एका हळद पॉलिश आणि पॅकिंग करणाऱ्या कारखान्यातली ही अडचण मला पहिल्यापासून महत्त्वाची वाटली. तोडगा खर्चिक नव्हता. तिथपर्यंत पोचायचा रस्ता मात्र इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांनी आणि काटे दुरुस्त करणाऱ्यांनी नीट बघावा असा आहे, म्हणून तपशीलवार लिहितो.

यंत्र असं होतं. वर हळकुंडांची मोठी टाकी, तिच्याखाली कंपनावर चालणारा फीडर, आणि त्याखाली वजन करणारे दोन हॉपर, म्हणजे तळाला गेट असलेले डबे. प्रत्येक हॉपर १०० किलो क्षमतेच्या एकेका एस-टाइप लोडसेलला, म्हणजे वजनाचा विजेचा सिग्नल करणाऱ्या सेन्सरला, टांगलेला. एक हॉपर भरत असताना दुसऱ्यातलं मोजून झालेलं ५० किलो पोत्यात सोडायचं, मग पाळी बदलायची. पोतं लावायला कामगाराला जो वेळ लागतो तो भरण्याच्या वेळेत मुरतो, म्हणून दोन हॉपर. मूळ यंत्र एका हॉपरचंच होतं, त्यामुळे कंट्रोल बोर्डावर लोडसेल वाचणारा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारी चिप, तीही एकच: आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा एचएक्स७११. दुसरा हॉपर नंतर जोडला आणि त्याचा लोडसेल त्याच एडीसीवर आणला.

तक्रार ऑपरेटर मामांनी एका वाक्यात सांगितली. "सायेब, एकेक चालवला की काटा बरोबर हाय. दोन्ही जोडीनं लावलं की कधी बरोबर, कधी हॉपर उतू जातोय." मालकांनी शेवटी दुसरा हॉपर बंदच ठेवला होता. हंगाम ऐन भरात, पॉलिशचं ड्रम थांबत नव्हतं आणि पॅकिंग मात्र निम्म्या वेगाने.

लोडसेलच्या दोन सिग्नल वायरी

पुढचं समजायला एवढं पाहिजे. लोडसेलच्या केबलमध्ये सहसा चार वायरी असतात. लाल आणि काळी म्हणजे पुरवठा, इथे ५ व्होल्ट. हिरवी आणि पांढरी म्हणजे सिग्नल. आत चार स्ट्रेन गेजांचा (ताण आला की रोध बदलणाऱ्या पट्ट्यांचा) ब्रिज असतो, साधारण ३५० ओहमचा. वजन नसताना हिरवी आणि पांढरी दोन्ही २.५ व्होल्टच्या आसपास उभ्या असतात. वजन आलं की हिरवी किंचित वर जाते, पांढरी तितकीच खाली येते. आपल्याला हवा असतो तो या दोघींमधला फरक. २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा सेल ५ व्होल्टवर पूर्ण १०० किलोला फक्त १० मिलिव्होल्ट देतो. म्हणजे १० ग्रॅमला १ मायक्रोव्होल्ट. पूर्ण प्रकरणभर हा एक मायक्रोव्होल्ट डोक्यात ठेवायचा.

पांढरी वायर ही अर्थ नाही, हे आमच्या भागात अनेक वायरमनना कुणी सांगितलेलंच नसतं. बॅटरीच्या कामाची सवय असली की "मायनस म्हणजे कॉमन" असं हाताला बसलेलं असतं. इथे पांढरी वायरही हिरवीइतकीच जिवंत आहे, निम्मा सिग्नल तिच्यावर आहे.

मापं ठेवून काढलेला निदानाचा आकडा

फीडर बंद केला, दोन्ही हॉपर रिकामे केले, काटा शून्यावर आणला. डिस्प्ले पहिल्या हॉपरवर ठेवला आणि २० किलोचं माप दुसऱ्या हॉपरमध्ये ठेवलं. पहिला हॉपर रिकामा असूनही डिस्प्लेवर ६.६५ आलं. दुसरं २० किलोचं माप ठेवलं, १३.३१ आलं. पाच मिनिटं थांबलो, आकडा हलला नाही. मापं काढली, परत शून्य.

बिघाड शोधताना असा स्वच्छ आकडा मिळणं ही मोठी गोष्ट असते. दुसऱ्या हॉपरच्या वजनाचा एक तृतीयांश भाग पहिल्यात दिसतो, वेळेप्रमाणे बदलत नाही, वजनाच्या सरळ प्रमाणात वाढतो. ओलावा असता तर आकडा भटकला असता, सॉफ्टवेअरने दोन वाचनं गल्लत केली असती तर पूर्ण २० दिसले असते. एक तृतीयांश कुठून येतो?

जंक्शन बॉक्स उघडला आणि उत्तर समोर होतं. दुसरा हॉपर जोडणाऱ्याने एक छोटा रिले बसवला होता, एकाच संपर्काचा. तो दोन लोडसेलांच्या हिरव्या वायरींपैकी एक निवडून एडीसीकडे पाठवत होता. दोन्ही पांढऱ्या वायरी मात्र एकत्र पिळून सोल्डर केलेल्या होत्या.

आता गणित करून बघा. पहिल्या सेलचा सिग्नल क आणि दुसऱ्याचा ख धरा. पहिल्याची हिरवी २.५ अधिक क/२ वर असते. पांढरी एकटी असती तर २.५ वजा क/२ वर असती. पण ती दुसऱ्याच्या पांढरीला बांधलेली आहे, आणि दोन्ही ब्रिजचा अंतर्गत रोध सारखाच, त्यामुळे जोडलेला बिंदू दोघींच्या सरासरीवर येतो: २.५ वजा (क + ख)/४. हिरवीतून हे वजा केलं की एडीसीला मिळतं ३क/४ + ख/४. स्वतःच्या सिग्नलचे तीन भाग, शेजाऱ्याचा एक भाग. आधीच्या माणसाने पहिला हॉपर कॅलिब्रेट केला तेव्हा दुसरा रिकामा होता, म्हणून एक चतुर्थांशाची तूट कॅलिब्रेशनमध्ये भरून निघाली आणि काटा बरोबर दिसला. त्याच मापाने शेजाऱ्याचा एक भाग एक तृतीयांश होऊन दिसायला लागला. २० किलोला ६.६७ यायला पाहिजे होतं, ६.६५ आलं, कारण दोन सेलांचे रोध अगदी तंतोतंत सारखे नसतात.

मामांचं "कधी बरोबर, कधी उतू" हेही यातून उलगडतं. भरायला सुरुवात करताना यंत्र आपोआप शून्य धरतं. त्या वेळी शेजारचा हॉपर भरलेला असेल तर त्याचे १६.६७ किलो शून्यातच धरले जातात. मग भरता भरता शेजाऱ्याने पोत्यात माल सोडला की पहिल्याचा आकडा तेवढ्याने खाली येतो, आणि यंत्र ते १६.६७ किलो भरून काढायला वरून आणखी माल सोडतं. शेजाऱ्याने आधीच माल सोडलेला असेल तर सगळं ठीक. कामगाराने पोतं किती झटकन लावलं यावर वजन ठरत होतं.

मग दोन्ही सेल सरळ जोडूनच टाकले तर?

मालकांनी विचारलेला प्रश्न मला आवडला. मोठ्या प्लॅटफॉर्म काट्यात चार लोडसेल एकाच बॉक्समध्ये जोडून एकच सिग्नल घेतात हे त्यांनी पाहिलं होतं. "तिथं चार चालतात, मग इथं दोन का नाहीत? बेरीज येतीय न्हवं, आधीचं वजा करून घ्या की."

प्लॅटफॉर्मवर ते बरोबरच आहे. हिरव्याला हिरवी, पांढऱ्याला पांढरी जोडली की सिग्नलांची सरासरी येते, आणि आपल्याला एकूण भार हवा असतो, कुठल्या कोपऱ्यावर किती ते नको असतं. कोपऱ्यांचा फरक बॉक्समधल्या ट्रिमरने (फिरवून बदलता येणाऱ्या छोट्या रोधाने) काढतात. सिग्नल एकत्र करायची ही सर्वात साधी आणि टिकाऊ पद्धत आहे, बेरीजच हवी असेल तेव्हा बिनदिक्कत वापरावी.

हॉपरचं तसं नाही. एका आकड्यातून दोन अज्ञात संख्या काढायच्या तर त्यातली एक तरी स्थिर पाहिजे. वजाबाकी चालते, पण एक हॉपर भरताना दुसरा तसाच उभा राहिला तर. आणि इथे नेमकं त्याच वेळी दुसरा रिकामा होत असतो. दोघांना आळीपाळीने थांबवलं तर वजाबाकी जमेल, पण मग दुसरा हॉपर कशाला बसवला? हे मालकांना लगेच पटलं. दोन सिग्नल वेगळेच राहिले पाहिजेत, फक्त एडीसी वाटून घ्यायचा.

एचएक्स७११ मध्ये स्वतःची दुसरी वाहिनी असते, तीही बघितली. पण तिचं गेन, म्हणजे ती सिग्नल किती पट मोठा करते ते, ३२ वर पक्कं आहे, पहिलीचं १२८ पर्यंत जातं. १० मिलिव्होल्टच्या सिग्नलला ३२ चं गेन म्हणजे गोंगाट तुलनेने जास्त, आणि एका हॉपरचा काटा बारीक आणि दुसऱ्याचा जाडा अशी जोडी पोत्यांच्या कामाला बरी नाही. शिवाय या बोर्डावर त्या वाहिनीच्या पिना ग्राउंडला जोडून वर कोटिंग मारलेलं होतं. हंगामात चालू बोर्ड खरवडायचा नव्हता.

नवं यंत्र बनवायचं असतं तर मी प्रत्येक लोडसेलला स्वतंत्र एडीसी दिला असता, यात मला शंका नाही. चिप स्वस्त आहे आणि वाटणीच्या सगळ्या कटकटी टळतात. पण चालू बोर्ड ठेवायचा असेल तर बाहेर, जंक्शन बॉक्समध्ये, नीट स्विच बसवणं हा प्रामाणिक मार्ग होता.

दोन्ही वायरी तोडणारा स्विच

रिलेच ठेवून दोन संपर्कांचा घेता आला असता. दोन कारणांनी टाळला. कॉइल गरम झाली की संपर्कांच्या वेगवेगळ्या धातूंच्या सांध्यांवर काही मायक्रोव्होल्ट तयार होतात, आणि आपल्याकडे एक मायक्रोव्होल्ट म्हणजे १० ग्रॅम. दुसरं, प्रत्येक पोत्याला एकदा हलणारा संपर्क हळदीच्या धुळीत किती टिकेल?

म्हणून ७४एचसी४०५२ हा ॲनालॉग मल्टिप्लेक्सर घेतला. यात चार जागांचे दोन स्विच एकाच वेळी फिरतात. एका बाजूला हिरव्या वायरी, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या. निवडलेल्या सेलच्या दोन्ही वायरी एडीसीला लागतात, न निवडलेल्याच्या दोन्ही सुटतात. पुरवठा मात्र दोन्ही सेलांना कायम चालू ठेवला. तो तोडत बसलो तर गेज थंड-गरम होऊन शून्य सरकतं. ३५० ओहमच्या दोन ब्रिजना मिळून २८ मिलिअँपिअरच्या आसपास लागतात, तेवढं बोर्ड देत होता. पुरवठा आणि एडीसीचा संदर्भ एकच असल्यामुळे व्होल्टेज थोडं हललं तरी आकडा हलत नाही.

स्विचचा स्वतःचा रोध काही डझन ओहमांचा असतो. त्याची भीती अनेकांना वाटते, पण एडीसीच्या इनपुटमध्ये जाणारा प्रवाह इतका कमी असतो की त्या रोधावर लक्षात येण्याजोगं काही पडत नाही. खरी भीती गळतीची. बॉक्समध्ये हळदीची पूड बसली आणि पावसाळ्यात ती ओली झाली, आणि लाल वायरीपासून हिरवीपर्यंत १०० मेगाओहमची वाट तयार झाली असं धरा. ब्रिजच्या त्या टोकाचा रोध १७५ ओहम. २.५ व्होल्टमुळे त्यातून साधारण ४.४ मायक्रोव्होल्टचा फरक पडतो, म्हणजे ४४ ग्रॅम. १ मेगाओहम झाली तर सव्वाचार किलोच्या वर. म्हणून जुना टेप गुंडाळलेला बॉक्स फेकून दिला, ग्लँड असलेला बंद बॉक्स लावला, सर्किटची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन वाळवली आणि मग कोटिंग मारलं. या कामात सगळ्यात जास्त वेळ इथेच दिला आणि तो द्यायलाच पाहिजे होता.

मल्टिप्लेक्सरच्या दोन जागा उरल्या होत्या. एकीवर दोन्ही इनपुट दोन समान रोधांच्या मध्यबिंदूला, म्हणजे २.५ व्होल्टला, एकत्र जोडले. तिथे आकडा शून्यच यायला पाहिजे. दुसरीवर पक्क्या रोधांचा खोटा लोडसेल जोडला, जो ठरावीक आकडा देतो. कामाची शिफ्ट सुरू होताना यंत्र या दोन्ही जागा वाचतं. काटा बिघडला तर एडीसी बिघडला की लोडसेल, हे मापं न उचलता कळतं.

स्विच बरोबर, तरी सावली उरली

नवा स्विच लावून परत मापांची चाचणी घेतली. दुसऱ्यात ४० किलो, पहिला रिकामा. डिस्प्ले शून्य. एक तृतीयांश गेला. पण मापं तशीच ठेवून यंत्राला पाळ्या बदलायला लावल्या तेव्हा पाळी बदलल्या बदलल्या पहिल्या हॉपरचा आकडा क्षणभर तीन-साडेतीन किलोवर उडायचा आणि सरसर खाली यायचा. यंत्र नेमकं त्याच क्षणी शून्य धरत होतं.

हा आकडा वेळेप्रमाणे उतरत होता, म्हणजे ही वायरींची गफलत नव्हती, कपॅसिटरची होती. कुणीतरी आकड्यांची फडफड थांबवायला एडीसीच्या इनपुटवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला होता. वाटेतले १ किलोओहमचे दोन रोध, ब्रिज आणि स्विच मिळून अडीच किलोओहम. म्हणजे टाइम कॉन्स्टंट (कपॅसिटर किती सावकाश भरतो-उतरतो त्याचं माप) २५ मिलिसेकंद. एचएक्स७११ सेकंदाला ८० वाचनांवर चालत होता. चॅनेल बदलल्यावर त्याच्या स्वतःच्या फिल्टरला स्थिरावायला ५० मिलिसेकंद, म्हणजे चार वाचनं लागतात. आपला स्विच बाहेर आहे, त्याला एडीसीच्या घड्याळाशी घेणंदेणं नाही, म्हणून पाच वाचनं सोडायची: साडेबासष्ट मिलिसेकंद. तेवढ्या वेळात त्या कपॅसिटरमध्ये आधीच्या हॉपरच्या सिग्नलपैकी आठ टक्के शिल्लक राहतात. ४० किलोचे आठ टक्के म्हणजे ३.२ किलो. डिस्प्लेवर दिसत होतं तेच.

कपॅसिटर काढून तिथे ०.१ मायक्रोफॅरड ठेवला, तो एका वाचनाच्या आत पूर्ण स्थिरावतो. गोंगाट गाळणारे मोठे कपॅसिटर स्विचच्या आधी, प्रत्येक लोडसेलच्या टोकांवर नेले. तिथे त्यांना पाळीप्रमाणे बदलावं लागत नाही, प्रत्येक जण आपल्याच सेलचं व्होल्टेज धरून बसतो. एक एडीसी वाटून घेताना फिल्टर स्विचच्या कुठल्या बाजूला आहे हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा असं मी आता सगळ्यांना सांगतो.

वेळेची वाटणी

ज्या भागाचं मला सगळ्यात समाधान वाटलं तो पुढचा. एक एडीसी वाटायचा तर पहिला विचार येतो समान वाटणीचा: एकदा इकडे, एकदा तिकडे. प्रत्येक वेळी पाच वाचनं सोडून सहावं धरायचं, म्हणजे एकाच हॉपरच्या दोन चांगल्या वाचनांत १५० मिलिसेकंदांचं अंतर. शेवटच्या बारीक धारेत फीडर सेकंदाला साधारण अर्धा किलो सोडतो. म्हणजे गेट बंद करायचा निर्णय ७५ ग्रॅमपर्यंत उशिरा होऊ शकतो, आणि प्रत्येक पोत्याला वेगळा. गेट बंद होताना हवेत असलेल्या मालाची भरपाई यंत्र शिकतं, पण दर वेळी बदलणारा उशीर त्याला शिकता येत नाही.

पण समान वाटणीची गरजच काय? भरणाऱ्या हॉपरवर नजर सतत पाहिजे. रिकाम्या होणाऱ्या हॉपरचं वजन त्या वेळी कुणालाच नको असतं. त्याचं गेट बंद झालं का हे लिमिट स्विच सांगतो, आणि तळाला हळकुंडं अडकून राहिली का हे त्याची पाळी आली की शून्य धरतानाच कळतं. म्हणून एडीसी भरणाऱ्या हॉपरवरच ठेवला. भरून झालं, आठ वाचनांची सरासरी घेऊन अंतिम वजन धरलं, मग पाळी बदलली, पाच वाचनं सोडली, आठ वाचनांवर शून्य धरलं, फीडर सुरू. पाळीबदलाला एक षष्ठांश सेकंदाच्या आसपास जातो, तो पोत्याच्या वेळेत कुठे दिसतही नाही. भरताना मात्र दर साडेबारा मिलिसेकंदांनी ताजा आकडा मिळतो, म्हणजे बारीक धारेत ६ ग्रॅमची पायरी.

आठचा आकडा उगाच घेतलेला नाही. सेकंदाला १० वाचनांवर हा एडीसी विजेचा ५० हर्ट्झचा गोंगाट स्वतः गाळतो, ८० वर ती सोय राहत नाही. ८० ने वाचताना ५० हर्ट्झ ३० हर्ट्झ होऊन दिसतो, आणि आठ वाचनांची म्हणजे १०० मिलिसेकंदांची सरासरी त्याला शून्यावर आणते.

मामांची एकच हरकत होती. "दुसऱ्याचा आकडा दिसला पायजे. न बघता सोडायचं कसं?" बरोबर होतं त्यांचं. थांबलेल्या हॉपरचं धरलेलं अंतिम वजन डिस्प्लेवर तसंच ठेवलं आणि शेजारी एक ठिपका दिला. ठिपका असला की हा आकडा पक्का झालेला आहे, आता हलणार नाही. ते बघूनच ते पोत्याचा पेडल दाबतात.

पहिल्या दिवशी निघालेलं प्रत्येक पोतं शिक्का असलेल्या वेगळ्या प्लॅटफॉर्म काट्यावर परत तोललं. काट्याच्या आतलं काम बदललं की आधीची पडताळणी धरून चालत नाही, म्हणून वैधमापन शास्त्र विभागाकडून पुन्हा पडताळणी आणि सील होईपर्यंत हिशोबाला प्लॅटफॉर्म काट्याचाच आकडा धरला. आता दोन्ही हॉपर जोडीने चालतात. मालकांना पुढच्या हंगामात तिसरा हॉपर लावायचा आहे. त्यासाठी मी नवा बोर्ड आखून दिलाय, त्यावर तीन एडीसी आहेत, प्रत्येक लोडसेलला आपापला, आणि तिन्हींचं घड्याळ एकच.